घर नंबर एकेचाळीसचा पिवळा बिल्ला

थोरली बाभूळवाडी, ता. बारामती
२ फेब्रुवारी १९९७

श्री. हिंदुराव, मेंबर, ग्रामपंचायत धाकटी बाभूळवाडी, ता. इंदापूर, यांस,

दाजी म्हणून लिहायला बसलो होतो, पण हात वळेना. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत झेंड्याखाली उभं राहून ज्याने बायकोच्या सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला, त्याला दाजी कसं म्हणायचं? म्हणून मेंबर.

तुमचा ठराव मी माझ्या दारात बसून ऐकला. कर्ण्याचं तोंड तुम्ही आमच्याच बाजूला केलं होतं. रस्त्याच्या पूर्वेच्या कडेला गाडी लावायची तर पंचायतीचा पिवळा बिल्ला पाहिजे, बिल्ला फक्त धाकट्या वाडीत घर असणाऱ्याला, घरटी एक, आणि बिल्ला नसलेल्या गाडीच्या चाकाला साखळी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दारातून उठून रस्ता ओलांडला आणि भर सभेत बोललो तर तुम्ही म्हणालात, बाहेरच्या गावच्या माणसाने मध्ये बोलू नये.

बाहेरचं गाव! तीस फुटांचा रस्ता आहे, मेंबरसाहेब. अलीकडे बारामती तालुका, पलीकडे इंदापूर. आमच्या घरांच्या पाठीमागे पाण्याची चारी वाहते आणि उंबरा उतरला की पाय डांबरावर पडतो. मोकळी कड आहे ती तुमच्या बाजूला, म्हणून तुमच्या लग्नाच्या आधीपासून दोन्ही वाड्यांच्या गाड्या तिथंच लागतात. माझा दुधाचा टेम्पो अकरा वर्षं तुमच्या ओट्यासमोर उभा राहतोय. आमच्या वडिलांनी, आबांनी, शेवटची मेंढरं विकून तो घेऊन दिला, हे तुम्हाला मी सांगायला नको, सौद्याला तुम्हीच बरोबर होता.

पहाटे साडेचारला मी निघतो. वस्त्यांवरचं दूध गोळा करून शेवटी वाडीतले कॅन चढवायचे आणि साडेआठच्या आत शीतकरण केंद्र गाठायचं. डेअरीने ही लाइन माझ्याकडे ठेवलीय ती मी कधी उशीर केला नाही म्हणून. गाडी दारात नसेल तर भरलेले कॅन डोक्यावर घेऊन जाऊ का? लाइन गेली की माझं घर बसलं.

मला एक बिल्ला द्या. नात्याने मागत नाही, शेजारी म्हणून मागतो.

सभेत बोललो तेच इथं लिहितो. यापुढे तुमचं माझं तोंडी बोलणं बंद. काय असेल ते लेखी आणि पोस्टाने, म्हणजे शिक्का पडतो, पुरावा राहतो. आणि अक्काला यात ओढायचं नाही. तिच्या हाती निरोप पाठवाल तर मी घेणार नाही.

दादासो


धाकटी बाभूळवाडी, ता. इंदापूर
८ फेब्रुवारी १९९७

चि. दादासो यास,

अनेक आशीर्वाद. तू नमस्कार लिहिला नाहीस तरी मी आशीर्वाद लिहितो, वयाने मोठा आहे.

तुझं पत्र काल मिळालं. आमच्या पोस्टमनने पाकीट हातात देताना विचारलं, "मेंबर, ह्ये समोरच्या दारातनं आलंय का काय?" पत्र बारामतीला गेलं, तिथून भिगवणला, तिथून इंदापूरला, आणि पाचव्या दिवशी रस्ता ओलांडून माझ्या घरी आलं. तुझ्या हट्टापायी गावात माझं हसं झालं. पण तुला पोस्टच पाहिजे ना, मग माझंही पोस्टानेच घे.

आता ठरावाचं. हंगाम सुरू झाला की कारखान्यावर नंबर लागेपर्यंत उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आमच्या दारात दोन-दोन दिवस उभे असतात. गेल्या साली गेणबाच्या अंगणात ट्रॉली कलंडली. दावणीची म्हैस मोळ्यांखाली गेली. गेणबा रडत माझ्याकडे आला, "मेंबर, आज म्हस गेली, उद्या नातवंड जाईल, मग ठराव करनार का?" तुझी म्हैस गेली नाही म्हणून तुला हे आठवत नाही.

तुला बिल्ला देणं माझ्या हातात आहे असं तुला वाटतं. आहेही. पण मी बायकोच्या भावाला बिल्ला दिला की दुसऱ्या दिवशी ट्रकवाले माझ्या ओट्यावर येऊन बसतील. त्यातल्या निम्म्यांचं कुणी ना कुणी धाकट्या वाडीत नांदतंय. सगळे टपून बसलेत, हिंदुराव मेहुण्याचं काय करतो ते बघायला. ठराव मोडायचा असेल तर तो तुझ्यापासूनच मोडेल. म्हणून नाही.

तुझ्या पंचायतीला सांग, चारी बुजवा नाहीतर जागा काढा. आम्ही तुमच्या गावचं दुखणं आमच्या दारात का घ्यायचं?

कुशाला मध्ये ओढायचं नाही, हे मात्र तू शहाण्यासारखं लिहिलंस. तिला मी बिरोबाची आण घातली आहे. ती तुझ्याशी यातलं अवाक्षर बोलणार नाही.

हिंदुराव


थोरली बाभूळवाडी
१४ फेब्रुवारी १९९७

मेंबरसाहेबांस,

तुमचं पत्र वाचलं. गेणबाची म्हैस मी विसरलो नाही. तिच्या अंगावरच्या मोळ्या काढायला पहिला मी धावलो होतो. तेव्हा तुम्ही कुठं होता? इंदापूरला, मीटिंगला. तुम्ही कायम मीटिंगलाच असता.

ट्रकवाल्यांसाठी केलेला ठराव मला का लावता? ट्रक दोन दिवस उभा राहून निघून जातो. मी इथं जन्मलो. तुमच्या वाडीची पोरं माझ्याच टेम्पोच्या फाळक्यावर चढून मोठी झाली. तुमच्या लेकीच्या, प्रतिक्षाच्या, लग्नात निरवांगीला रुखवत नेला तो कुठल्या गाडीतून? तेव्हा मी बाहेरच्या गावचा नव्हतो.

आता माझंही ऐका. मी गाडी तिथंच लावणार. हटवायची असेल तर हटवून दाखवा. अर्धा रस्ता आमचा आहे. आमच्या सरपंचांनाही मी सांगितलंय, ते म्हणाले, "तू गाडी हलवूच नको. बघू कोन साखळी घालतंय ते." दोन्ही वाड्यांत हे तापत चाललंय आणि त्याला पेटवणारे तुम्ही.

एका घरातले म्हणवणारे आपण दोघं असे वागतो, आणि अक्का रोज संध्याकाळी रस्त्यापलीकडून इकडे बघत बसते. मी नजर देत नाही. तुमच्या घरातली आहे ती आता.

दादासो


धाकटी बाभूळवाडी
२० फेब्रुवारी १९९७

चि. दादासो यास,

तुझ्या उद्धटपणाला उत्तर देत नाही. कामाचं लिहितो, नीट वाच.

येत्या सोमवारपासून, म्हणजे चोवीस तारखेपासून, साखळी सुरू होतेय. बिरू शिपाई सकाळी सात वाजता कामावर येतो. त्याला ताकीद आहे, बिल्ला नसेल तर कुणाचीही गाडी असो. मी त्या दिवशी इंदापूरला आहे, मला तिथून काही करता येणार नाही.

सोमवारपासून तुझा टेम्पो आमच्या शाळेच्या मैदानात लाव. हेडमास्तरांशी मी बोललोय, फाटक पहाटे उघडं ठेवतील. हे कुणाला सांगू नकोस, माझं नाव घेऊ नकोस. ठराव रस्त्याच्या कडेचा आहे, शाळेचा नाही. हंगाम संपेपर्यंत तिथं काढ, मग बघू.

गाडी कडेला ठेवू नकोस. एवढं ऐक.

हिंदुराव


थोरली बाभूळवाडी
२६ फेब्रुवारी १९९७

हिंदुराव,

तुमचं वीस तारखेचं पत्र आज, सव्वीस तारखेला, दुपारी मिळालं. मध्ये रविवार आला ना. हातात घेऊन मी हसत सुटलो. रोहिणी घाबरली, तिला वाटलं नवऱ्याला वेड लागलं.

काय झालं ते तुमच्या घरच्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, पण माझ्याकडूनही घ्या. सोमवारी मी वस्त्यांवरचं दूध घेऊन पावणेआठला दारात आलो. नऊ कॅन गाडीत होते, तीन चढवायचे राहिले होते. टेम्पो रोजच्या जागी लावला, आत जाऊन उभ्या-उभ्या चहा घेतला. बाहेर येतो तर मागच्या चाकाला साखळी आणि हाताएवढं कुलूप. बिरूला म्हणालो, किल्ली दे. तो म्हणाला, "किल्ली भाऊसायबाकडं हाय, आन् भाऊसायब मेंबरसंगं इंदापुरात." तुमचा ग्रामसेवक तीन गावांचा कारभार बघतो आणि सगळ्यांच्या किल्ल्या खिशात घालून मीटिंगला जातो!

पहार आणली, साखळी तोडायला वाकलो, तर बिरू चाकापुढं आडवा झाला. "दादासो, तोडू नगा. माझी नोकरी जाईल. चार लेकरं हायती मला." त्याला मारू का? पहार टाकून दिली.

दुसरी गाडी बोलवावी तर रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ज्यांच्यासाठी ठराव केलात ते सगळे निवांत उभे होते. बिरू त्यांना साखळी घालत नाही, कारण ड्रायव्हर आत बसलेला असतो. साखळी फक्त माझ्या टेम्पोला! तुमचे भाऊसाहेब तीन वाजता आले. नऊ कॅन दूध उन्हात फाटलं होतं. लोकांनी पहाटे उठून काढलेलं दूध मी माझ्या हाताने चारीत ओतलं. वास अजून जात नाही.

डेअरीचा माणूस काल येऊन गेला. म्हणाला, पुन्हा एकदा असं झालं तर लाइन पणदऱ्याच्या सावळारामाला जाईल.

आणि अक्का. मी चाकापाशी बसलो होतो तेव्हा ती ओट्यावर आली, तोंडाला पदर लावला, आणि सरळ आत निघून गेली. भाऊ रस्त्यात बसलाय आणि बहीण दार लोटून घेते. तिला सांगा, आता आमच्या उंबऱ्याला पाय लावू नको. आम्हाला बहीण नाही.

आमच्या पंचायतीनेही आता ठराव केलाय. रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या फक्कीची रेघ मारणार, आणि तुमच्या गाडीचं चाक रेघेवर आलं तर हवा सोडणार.

दादासो


धाकटी बाभूळवाडी
४ मार्च १९९७

दादासो यास,

मी तुला चार दिवस आधी कळवलं होतं. पत्रावर शिक्का आहे, बघ. पोस्टाचा हट्ट कुणी धरला होता? तू. सभेत छाती काढून तूच म्हणालास, लेखी द्या. दिलं लेखी. आता दुधाचं पाप माझ्या माथी मारू नकोस.

पत्र उशिरा पोचेल हे मला कळायला हवं होतं असं तू म्हणशील. मग मी काय करायचं होतं? स्वतः तुझ्या दारात यायचं होतं? मला बाहेरचा ठरवून तूच दार बंद केलंस.

तुमच्या शूर पंचायतीने परवा माझ्या ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांची हवा सोडली. चाक रेघेपासून वीतभर आत होतं. मी मोजलं. एसटीचा ड्रायव्हर रेघ बघून विचारतो, गाडी कुठल्या तालुक्यात थांबवू, आणि पुढे जाऊन माळावर थांबवतो. म्हाताऱ्या माणसांनी तिथपर्यंत चालायचं. छान चाललंय तुमचं.

कुशाचं तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं, पण चूक तुझीच. तुझं नाव निघालं की ती उठून आत जाते. आठ दिवस झाले, माझ्याशीही धड बोलत नाही. इतकी ती तुझ्यावर रागावली आहे. पंचवीस वर्षं संसार केलाय, तिच्या मनातलं मला कळतं.

हिंदुराव


निरवांगी, ता. इंदापूर
१० मार्च १९९७

चि. दादासो आणि प्रतिक्षाचे बाबा, दोघांस,

हे एकच पत्र मी दोनदा लिहिलंय, एक याला, एक त्याला. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर वेडंवाकडं आहे, तरी दोघांनी पूर्ण वाचायचं.

मला मध्ये ओढायचं नाही हे तुम्ही दोघांनी ठरवलंत. भांडणात तुमचं एवढं एकच एकमत झालं. अरे, मी मधलीच आहे! त्या कडेला जन्मले आणि या कडेला नांदले. मला मधून काढलंत म्हणून तर तुमच्यामध्ये पोस्टमन आला.

अहो, मी दादासोवर रागावले नाही. मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही लिहिताना मोठ्याने पुटपुटता, वीस तारखेचं सगळं पत्र मी चुलीपाशी बसून ऐकलं. सोमवारपासून साखळी, टेम्पो शाळेत लाव. पाकीट चिकटवून तुम्ही माझ्याच हातात दिलंत, पेटीत टाकून ये म्हणालात. मी पेटीकडे निघाले तेव्हा दादासो दारात कॅन धूत होता. मी हाक मारली असती तर त्याने मान वर केली असती, एवढ्यावर होता. पण तुमची आण होती. मी खाली मान घालून गेले आणि पाकीट पेटीत टाकून आले. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. अशी आण पुन्हा मला कुणी घालायची नाही. बिरोबाला मी सांगून आले आहे की मी ती मोडली.

आणि दादासो, तू मला बहीण नाही लिहिलंस. लिहिताना हात झडला नाही का तुझा? मी दार लोटून घेतलं नाही. मी आत पळाले ती किल्ली शोधायला. यांच्या कोटाचे खिसे उलटे केले, ट्रंक उपसली, देव्हारासुद्धा चाचपला. मला वाटलं, दुसरी किल्ली घरात असेल. नव्हती. बाहेर आले तेव्हा तू कॅन घेऊन घरामागच्या चारीकडे निघाला होतास.

आता मी काय केलं ते ऐका. परवा मी पंचायतीत गेले. भाऊसाहेबांना म्हटलं, ठराव वाचून दाखवा. त्यांनी दोनदा वाचला. बिल्ला घराच्या मालकाला, मालक सांगेल त्या एका गाडीला. घर नंबर एकेचाळीस माझ्या नावावर आहे. आपला ओटा रस्त्यात दोन हात पुढे आलाय, त्या अतिक्रमणावरून मेंबरकी जायला नको म्हणून यांनी तीन वर्षांपूर्वी घर माझ्या नावावर केलं, तेव्हा माझा अंगठा नको, सहीच पाहिजे म्हणाले होते. तीच सही मी परवा केली. बिल्ला ट्रॅक्टरवरून काढला आणि रस्ता ओलांडून रोहिणीच्या हातात दिला.

मग बिरूला बोलावलं. म्हटलं, "ह्या ट्रॅक्टरला बिल्ला न्हाय. घाल साखळी." तो म्हणाला, "वैनी, मेंबरच्या ट्रॅक्टरला? माझं काय हुईल?" मी म्हटलं, "घरमालकीण मी हाय. घाल." त्याने घातली. मग मी पिशवी घेतली आणि माळावर जाऊन निरवांगीची एसटी धरली.

प्रतिक्षाकडे आहे. मला न्यायला येऊ नका.

कुशाबाई


थोरली बाभूळवाडी
१९ मार्च १९९७

ती. अक्कास,

सा. न. तुझं पत्र रोहिणीने मला वाचायला लावलं आणि समोर उभी राहिली. तुझ्याविषयी लिहिलं ते मी रागात लिहिलं. माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

बिल्ला मिळाला. दोन दिवस टेम्पोवर लावला. तिसऱ्या दिवशी डेअरीचा माणूस आला. लाइन त्यांनी आधीच सावळारामाला देऊन टाकली होती, मला सांगायचं तेवढं राहिलं होतं. फाटलेल्या दुधाची आमच्याच वस्त्यांवरच्या दोघांनी तक्रार केली. त्यांचंही काय चुकलं?

म्हणून मी टेम्पो घेऊन भिगवणला चाललोय. तिथून मासळी पुण्याला न्यायचं काम मिळतंय. गाडी तिकडेच राहील, मीही आठवड्यातून एकदा येईन. रोहिणी इथं एकटी राहणार.

निघताना बिल्ला परत द्यायला मी पलीकडे गेलो. दाजी ओट्यावर होते. मी शेजारी बसलो. मग ते उठून आत गेले आणि चहा करून आणला. साखर विसरले होते. मी बिल्ला पुढे केला, तर ते म्हणाले, "आता कशाला पायजेल? ट्रॅक्टर रानातल्या शेडात नेऊन लावलाय. तितं मावतोय." कडेला आता कुणाचीच गाडी नाही. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक उसाचा ट्रक येऊन तिथं उभा राहिला, ड्रायव्हर आत बसून बिडी ओढत होता. बिरूने त्याच्याकडे बघितलं आणि निघून गेला. दाजी कपबशा उचलायला लागले.

निघताना मला म्हणाले, कुशा कधी येणार ते तू विचार. म्हणून विचारतो.

तुझा,
दादासो


निरवांगी
२५ मार्च १९९७

चि. दादासो,

तुझं पत्र मिळालं. लाइन गेली हे वाचलं आणि अन्न गोड लागेना. आबांनी मेंढरं विकली त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. आता तू भिगवणला माशांच्या पाट्या उचलायच्या आणि रोहिणीने दार लावून एकटीने राहायचं. मला कुणावर ओरडू ते कळत नाही, म्हणून इथं प्रतिक्षावरच ओरडते.

तुझ्या दाजींना सांग. नको, तू नको सांगू. मी त्यांना वेगळं लिहीन. बायको कधी येणार हे मेहुण्याकरवी विचारतात, एवढं होऊनही.

पण तू लिहिलंस, ट्रॅक्टर रानातल्या शेडात मावतोय. ते वाचून माझ्या अंगाचा भडका उडाला. मावतोय! ते शेड नऊ वर्षांपूर्वी बांधलं ते ट्रॅक्टरसाठीच बांधलं. दारात ट्रॅक्टर उभा करायचा तो येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावा म्हणून. घरात बिल्ला एक होता आणि कडेला उभी करायची गाडी एक होती, तुझी. यांचा शब्द मोडत नव्हता, ठराव मोडत नव्हता, तुझी लाइन जात नव्हती. सव्वीस जानेवारीला संध्याकाळी भाकरी वाढतानाच हे माझ्या मनात आलं होतं. मी तोंड उघडलं, तर हे म्हणाले, तू यात पडू नको. बारा दिवसांनी तुझं पत्र आलं, त्यातही तेच होतं.

मला कुणी विचारलं नाही, दादासो. तूही नाही.

अक्का